तरण्या डोळ्यासमोरचं जाळं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप असा होता की, "तू जन्मभर लोकांचे डोळे तपासलेस, तर डोळ्यांवर पंधरा मिनिटं बोल." आपल्या वर्गाची वयं पाहता मी मोतीबिंदूवर नाहीतर शुगरवर बोलावं, अशी तुमची अपेक्षा असणार. ते प्रश्न तुम्ही पंगतीत विचारालच. सकाळपासून तिघांनी विचारलेही आहेत. म्हणून माईकवरून मी दुसऱ्याच एका आजाराबद्दल बोलतो. तो होण्याचं तुमचं-आमचं वय बहुतेक निघून गेलं आहे. तो होतो आपल्या मुलांना, पुतण्यांना, भाच्यांना. साधारण वीस ते चाळीस या वयात, आणि बहुतांशी पुरुषांना.

एक गोष्ट आधी सांगतो. मी डॉक्टर नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. नंबर काढणं, चष्मा देणं, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शिबिराला पाठवणं आणि जे आपल्या हातातलं नाही ते वेळेत पुढे पाठवणं, हे आमचं काम. आज जे सांगणार आहे ते असे रुग्ण पुढे पाठवता पाठवता आणि पडद्याच्या डॉक्टरांकडून ऐकून शिकलेलं आहे.

आपल्या भागात डोळ्याच्या आजाराचं एक ठरलेलं चित्र आहे. म्हातारपण आलं, मोतीबिंदू झाला, शिबिरात नाव घातलं, ऑपरेशन झालं, पट्टी काढली आणि आजीला नातवाचं तोंड दिसलं. हे चित्र खोटं नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी ते घराघरांत पोहोचवलं आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण या चित्रामुळे आपल्या मनात तीन समजुती पक्क्या बसल्या आहेत. नजर जाते ती म्हातारपणी. ती हळूहळू जाते. आणि ऑपरेशन केलं की काम संपतं. मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्यात या तिन्ही समजुती चुकीच्या ठरतात.

या आजाराचं नाव ईल्स. हेन्री ईल्स हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १८८० मध्ये काही तरुण मुलांच्या डोळ्यांत आत वारंवार रक्तस्राव होतो, असं लिहून ठेवलं. त्या मुलांच्या नाकातून रक्त यायचं आणि पोट साफ होत नसे, म्हणून या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असावा असं त्यांना वाटलं. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, हे मूळ कारण नंतरच्या डॉक्टरांनी ओळखलं. गंमत अशी की ज्या देशात या आजाराला नाव मिळालं, तिथं तो आता क्वचितच दिसतो. आपल्या भारतीय उपखंडात मात्र तो जास्त आढळतो. आपल्याकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यांत येणाऱ्या दर दोनशे ते अडीचशे रुग्णांमागे एकाला हा आजार असतो, असा आकडा पुस्तकांत दिलेला असतो. म्हणजे जगाच्या हिशेबानं दुर्मीळ, आणि आपल्या हिशेबानं ओळखीत एखादा निघेल इतपत.

आत नेमकं काय होतं, ते आपण शेतकऱ्यांची पोरं आहोत म्हणून शेताच्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा असतो. त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, जसं लाभक्षेत्रात पाट आणि चाऱ्या असतात तसं. या आजारात पडद्याच्या कडेकडेच्या बारीक शिरा सुजतात आणि तुंबतात. चारी तुंबली की टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. मग तो काय करतो? मिळेल तिथून कच्ची चारी फोडतो. पडद्याचंही तसंच होतं. ज्या भागाला रक्त मिळत नाही, तो भाग नव्या रक्तवाहिन्या उगवा म्हणून संदेश पाठवतो. त्या उगवतात, पण कच्च्या असतात. एक दिवस काही कारण नसताना काठ फुटतो, आणि डोळ्याच्या पोकळीत जो पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ असतो त्यात रक्त उतरतं.

बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो. लाल होत नाही. दुखत नाही. इथंच लोक फसतात.

आपल्याच पंचक्रोशीतल्या एका मुलाचं सांगतो. नाव-गाव सांगत नाही. वय तेवीस. पोलीस भरतीची तयारी चाललेली, रोज पहाटे धावायचा. एके दिवशी वडिलांच्या गाडीवर मागं बसून आला आणि म्हणाला, "साहेब, परवा रातच्याला उजव्या डोळ्यापुढं काळे धागे फिरायले होते. आज सकाळी उठलो तर सगळं जाळं आल्यावानी झालंय. दुखत तर काहीच नाही." वडिलांचं म्हणणं, उष्णता झाली असेल, थंड औषध घाला. गावातून एक ड्रॉप आणून दोन दिवस घातलेलाच होता.

मी तक्त्यासमोर उभं केलं. उजव्या डोळ्यानं वरचं मोठं अक्षरही दिसेना. बोटं मोजता येईनात. हात हलवला तर काहीतरी हललं एवढंच कळे. डावा डोळा ६/६. उजव्या डोळ्यात उजेड टाकला तर बाहुलीतून एरवी जी तांबूस चमक परत येते, ती आलीच नाही. म्हणजे आत काहीतरी आडवं आलेलं. मी चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं, "आजच नांदेडला जा, पडद्याच्या डॉक्टरांकडं." नांदेडहून पुढं ते हैदराबादला गेले.

हैदराबाद म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना परकं वाटत नाही. १९५६ पर्यंत आपला किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आणि मोठं दुखणं आलं की हैदराबादची वाट धरायची ही सवय अजून आहे. चित्रपट निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी दिलेल्या जागेवर डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८० च्या दशकात उभी केलेली नेत्रसंस्था तिथं आहे. तिचं एक ग्रामीण केंद्र आपल्या सीमेपलीकडे मुधोळलाही आहे. ही माहिती अनेकांना नसते, म्हणून सांगितली.

तर त्या मुलाच्या तपासण्या झाल्या. उजव्या डोळ्यात रक्तामुळे आतलं दिसत नव्हतं, म्हणून सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना ते पाहिलं. तो जागेवर होता. मग डाव्या डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घातलं आणि हाताच्या शिरेत पिवळं रंगद्रव्य देऊन पडद्याचे फोटो काढले. वडील वैतागले. मला फोन करून म्हणाले, "जो डोळा गेला त्याचं काही करंनात, अन् चांगल्या डोळ्यातच औषध टाकायलेत!" पण त्या ६/६ दिसणाऱ्या डोळ्यातही कडेच्या शिरा सुजलेल्या निघाल्या. ईल्समध्ये बहुतेकांचे दोन्ही डोळे कधी ना कधी आजारी पडतात. दुसरा डोळा फक्त अजून बोललेला नसतो. म्हणून एका डोळ्याची तक्रार आली तरी दोन्ही डोळे कडेपर्यंत तपासावे लागतात.

पुढचे महिने कसे गेले ते ऐका. सूज उतरवण्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. डाव्या डोळ्याला आधी लेझर झालं. लेझर कशासाठी? पुन्हा शेताकडंच येतो. ज्या तुकड्याला पाणी मिळत नाही तो पडीक ठेवला की पाण्यासाठीची ओरड थांबते आणि कच्च्या चाऱ्या निघत नाहीत. पडद्याच्या कडेचा थोडा भाग त्यासाठी खर्ची पडतो, मधला महत्त्वाचा भाग वाचतो. उजव्या डोळ्याला मात्र थांबायला सांगितलं. उशाला दोन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून झोपायचं, म्हणजे रक्त खाली बसतं. सकाळी उठल्यावर अंधूक, दुपार होईतो जरा बरं, असे दिवस गेले. दोन महिन्यांनी तो तक्त्याच्या चौथ्या ओळीपर्यंत आला, म्हणजे ६/१८. आतलं दिसायला लागल्यावर त्याही डोळ्याला लेझर झालं. सहा महिन्यांनी ६/९. ज्या डोळ्याला हाताची बोटं दिसत नव्हती, तो वर्तमानपत्र वाचायला लागला.

हे कसं शक्य होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. वाचायला, चेहरा ओळखायला पडद्याचा अगदी मधला ठिपका लागतो. ईल्समध्ये आजार असतो तो बहुधा कडेला. मधला ठिपका पुष्कळदा शाबूत असतो. नजर जाते ती मधे रक्ताचा पडदा आल्यामुळे. तो बाजूला झाला की मागचं यंत्र पुन्हा काम करू लागतं. म्हणून पडद्याच्या इतर अनेक आजारांच्या मानानं इथं नजर परत येण्याची आशा चांगली असते. पण ही आशा वेळेवर बांधलेली आहे. सूज मधल्या भागापर्यंत आली, रक्ताच्या जागी दोऱ्यांसारखे पडदे तयार होऊन त्यांनी मूळ पडदा ओढून सोडवला, किंवा बाहुलीच्या भागात नव्या रक्तवाहिन्या उगवून डोळ्याचं प्रेशर वाढलं, की मग गेलेलं सगळं परत येत नाही. असेही रुग्ण मी पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेकांनी पहिले काही महिने ड्रॉप, झाडपाला आणि "आपोआप बरं होईल" यात घालवले होते.

आपल्या आजोबांच्या काळात हा आजार झालेल्या तरुणाला काय मिळत असे? विश्रांती आणि वाट पाहणं. आज जे उपचार आहेत ते सगळे गेल्या पाऊणशे वर्षांतले. कॉर्टिसोन पहिल्यांदा १९४८ मध्ये अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं आणि त्याबद्दल १९५० मध्ये नोबेल मिळालं. लेझरची कल्पना आली ती ग्रहणातून. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणात सूर्याकडे पाहून डोळा भाजलेला एक वैद्यकीय विद्यार्थी जर्मनीतल्या डॉ. मायर-श्विकेराथ यांच्याकडे आला. उजेडानं पडदा भाजतो, तर तोच उजेड मोजून वापरून इलाज का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. आणि डोळ्याच्या आतलं गढूळ झालेलं जेल बारीक यंत्रानं कापून काढण्याची शस्त्रक्रिया, जिला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात, ती रॉबर्ट माखेमर यांनी १९७० मध्ये अमेरिकेत केली. तेव्हा आपल्यातले काही जण पाळण्यात होते.

त्या मुलाला या तिसऱ्या उपचाराचीही गरज पडली. दीड वर्ष चांगलं गेलं आणि त्याच उजव्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं. या वेळी तीन महिने थांबूनही ते निवळलं नाही, तेव्हा व्हिट्रेक्टॉमी झाली. पुन्हा ६/९. आज तो कसा आहे विचाराल, तर किनवटला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. दिवसभर बारीक अक्षरंच वाचतो. पोलीस भरती मात्र राहिली ती राहिली. एकदा मला म्हणाला, "साहेब, नजर आली, पण भरवसा आला नाही. रोज उठल्यावर आधी भीती वाटती."

तक्त्यावरचा आकडा आणि माणसाची नजर यांत हा फरक आहे. आमच्या कागदावर ६/९ म्हणजे उत्तम निकाल. पण त्याला संधिप्रकाशात गाडी चालवताना अडचण येते, पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की काळे ठिपके तरंगतात, आणि पुन्हा रक्त येईल का हा विचार डोक्यातून जात नाही. घरच्यांनी "आता तर बरा झालास ना" म्हणून तपासणीचे पैसे वाचवायला सांगू नये, एवढ्यासाठी हे बोलतो. हा आजार काही वर्षं उठतो आणि बसतो. दिसत असतानाही ठरलेल्या तारखेला डॉक्टरांकडे जाणं, हाच त्यातला सगळ्यात मोठा इलाज आहे.

आता आपल्या भागाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी.

पहिली क्षयरोग. ईल्सचं कारण पूर्ण उलगडलेलं नाही, पण क्षयाच्या जंतूशी त्याचा संबंध असल्याचा संशय फार जुना आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांना अशा काही रुग्णांच्या डोळ्यांतून काढलेल्या नमुन्यांत क्षयजंतूचा डीएनए सापडला. याचा अर्थ डोळ्यात टीबी झाला, असा सरळ नाही. जंतूविरुद्ध शरीरात जो उठाव होतो, त्याचा तडाखा डोळ्याच्या शिरांना बसत असावा, असं मानतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्या मुलाचं ताट-पाणी वेगळं करायची गरज नाही. मात्र स्टिरॉइड देण्याआधी छातीचा फोटो आणि टीबीच्या तपासण्या करतात, कारण लपलेला टीबी स्टिरॉइडनं उसळू शकतो. टीबीची औषधं सुरू झाली तर त्यातल्या इथॅम्ब्युटॉल या गोळीवर लक्ष ठेवावं लागतं. लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला तर लगेच सांगायचं.

दुसरी सिकलसेल. आपला तालुका आदिवासीबहुल. सिकलसेलमध्येही पडद्याच्या कडेच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, नव्या कच्च्या वाहिन्या उगवतात आणि रक्त उतरतं. वरवर पाहता चित्र ईल्ससारखंच. म्हणून ईल्स म्हणण्याआधी सिकलसेल, शुगर आणि सूज आणणारे इतर आजार नाहीत ना, हे रक्त तपासून पाहावं लागतं. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. गावात तपासणीला पथक आलं तर मुलांना पाठवा. त्याचा उपयोग डोळ्यांनाही आहे.

शेवटी लक्षात ठेवायच्या चार गोष्टी. स्मरणिकेत छापणार आहेत, म्हणजे कापून भिंतीला लावता येतील.

एक. तरुण माणसाच्या डोळ्यापुढं अचानक धागे, ठिपके, जाळं किंवा धूर आला आणि दुखत नसलं, तरी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडं जायचं. चष्म्याच्या दुकानात नव्हे, औषधाच्या दुकानात नव्हे. जाताना गाडी दुसऱ्यानं चालवायची, कारण बाहुली मोठी करणाऱ्या औषधानं काही तास अंधूक दिसतं.

दोन. घरातल्या सगळ्यांनी महिन्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहायचं. एक डोळा तळहातानं झाकून तारखा वाचायच्या, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना एक डोळा गेलेला कळतही नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांना डोळ्यात कचरा गेला आणि डोळा चोळताना दुसरा अधू असल्याचा शोध लागला.

तीन. स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करायच्या नाहीत आणि अचानक बंदही करायच्या नाहीत. त्यानं भूक वाढते, तोंड सुजतं, शुगर चढते. घाबरून गोळ्या टाकून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू कमी करतात.

चार. खर्चाला घाबरून घरी बसू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डोळ्यांचा विभाग असतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा आणि आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारा.

आज इथं बसलेले आपण सगळे कुठं ना कुठं चार माणसांत ऊठबस करणारे आहोत. कुणी शिक्षक आहे, कुणी एसटीत आहे, कुणाचं कृषी केंद्र आहे, कुणी सरपंच झाला, आपल्या मैत्रिणींपैकी कुणी आशाताई म्हणून घरोघरी जाते. तुमच्या कानावर "पोराच्या डोळ्यापुढं जाळं आलंय" हे वाक्य आलं, तर ते माझ्यासारख्याच्या आधी तुमच्या कानावर आलेलं असेल. त्या वेळी "उष्णता असेल" असं म्हणू नका. बसस्टँडवर नेऊन गाडीत बसवून द्या. रात्री-अपरात्री मला फोन करा, कुठं जायचं ते मी सांगेन. निवृत्त झालो असलो तरी नंबर तोच आहे, आणि या स्मरणिकेच्या मागच्या यादीत संयोजकांनी तो छापला आहे.